उन्हात वाळवलेले स्फटिक

चूक घडते तेव्हा ती अजाण असते. तिच्यावर कोप करू नये, असे वडीलधारे सांगत आले आहेत. परंतु ज्या क्षणी ती डोळ्यांना दिसते, त्या क्षणापासून ती सांभाळायला दिलेल्या ठेवीसारखी आपल्या पदरी येते. तिचे काय करायचे, हा प्रश्न मग बुद्धीचा राहत नाही, शीलाचा होतो. सुप्याच्या माळावरील एका संशोधन संस्थेत तो तिघांपुढे आला. एकाने त्याचे उत्तर मनाशी केव्हाच देऊन ठेवले होते. इतर दोघींना त्याची वार्ताही नव्हती.

पुणे रस्त्याला लागून असलेल्या कारखान्यांची रांग संपली की एक मुरमाड चढ लागतो. संस्थेची इमारत त्या चढावर उभी आहे. तेथील मोठ्या यंत्राची जबाबदारी डॉ. सिल्व्हिया उजागरे यांच्याकडे होती. सिल्व्हिया मूळची बेलापूरची. तिचे वडील बेंजामिन मास्तर मिशनच्या शाळेत गणित आणि संस्कृत शिकवीत. त्यांच्या वर्गात एक रीत होती. फळ्यावर ज्याचे गणित चुकले, त्यानेच ओले फडके घेऊन ते पुसायचे. दुसऱ्याने हात लावायचा नाही. "आपली चूक आपल्या हातानं पुसावी," मास्तर म्हणत, "म्हणजे हाताला ती आठवते." मास्तर जाऊन बरीच वर्षे झाली होती. सिल्व्हियाने त्यांच्यानंतर ज्यांना गुरू मानले, ते संस्थेचे संचालक डॉ. आदिनाथ दहातोंडे. त्यांच्याच हाताखाली ती शिकली, आणि त्यांचा शब्द तिने कधी दुसऱ्यांदा तपासला नव्हता.

यंत्राचे काम असे होते. तांबे आणि प्राणवायू यांच्या थरांनी घडलेले काही स्फटिक पुरेसे थंड केले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहू लागते; अशा पदार्थांना अतिवाहक म्हणतात. इतर अतिवाहकांच्या मानाने हे पुष्कळ उबदार तापमानाला घडते. उबदार म्हणजे तरीही हिमशिखरावरील थंडीहून कितीतरी थंड. ते का घडते, हे अजून कोणाला निश्चयाने सांगता आलेले नाही. सिल्व्हिया अशा स्फटिकावर निर्वात पात्रात प्रकाश टाकी. प्रकाशाच्या आघाताने आतले इलेक्ट्रॉन बाहेर पडत. ते किती वेगाने आणि कोणत्या दिशेने आले हे मोजले, की आत ते कसे नांदत होते याचा उलगडा होई. विहिरीतील पाण्याला पातळी असते तशी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेला वरच्या बाजूस एक कड असते. सोन्यात ती सदैव एका जागी उभी दिसते. अतिवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमल्या की ती मागे सरते आणि मध्ये रिकामी फट पडते. म्हणून स्फटिकाच्या शेजारी सोन्याचा बारीक तुकडा बसवायचा. आधी सोन्याची कड पाहायची, मग स्फटिकाची.

स्फटिक बसवण्याची कृती नाजूक होती. तळाशी चांदीची पूड मिसळलेला गोंद लावून तो तांब्याच्या बैठकीवर चिकटवायचा आणि माथ्यावर एक चिमुकली खुंटी चिकटवायची. पात्रातील हवा पूर्ण निघाली की बाहेरून दांड्याने त्या खुंटीला टोला द्यायचा. खुंटी कोसळताना अभ्रकासारखा वरचा पापुद्रा घेऊन जाते, आणि ज्याला वाऱ्याचाही स्पर्श झालेला नाही असा पृष्ठभाग उघडा पडतो. त्या क्षणी सिल्व्हिया श्वास रोखून धरी. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी पसरते तशी शांतता तिला तेथे जाणवे.

गेल्या वैशाखात गोंद पक्का करण्याचा ओव्हन विजेच्या चढउताराने जळाला. दुरुस्तीला पुण्याला गेला तो लवकर येईना. यंत्र थांबवणे परवडणारे नव्हते. तेव्हा आरती पालवे या संशोधक विद्यार्थिनीला एक युक्ती सुचली. आरती पाथर्डीकडची, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. आई उन्हाळ्यात घरी असली की पत्र्यावर कुरडया घाली. आरतीने चिकटवलेले स्फटिक तसेच पंपाच्या शेडच्या पत्र्यावर मांडले आणि वर काचेचे भांडे पालथे घातले. पत्र्याला हात लावला तर फोड येई.

"वा गं पोरी!" दहातोंडे सर खाली उभे राहून हसले होते. "नगरचं ऊन आहे हे. कुठली भट्टी त्याच्यापुढं टिकतीय?"

सिल्व्हियाने एका बैठकीवरचा गोंद नखाने दाबून पाहिला. कडक लागला. पात्रातील हवा त्या खेपेस फार सावकाश निघाली, हे तिच्या ध्यानात आले होते; पण उन्हाळ्यात पंप दमतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पुढे स्फटिक थंड करता करता, कोणी अपेक्षा केली नव्हती इतक्या वरच्या तापमानाला, त्याची कड सोन्याच्या कडेपासून मागे सरली. फट पडली होती. आरती टाळ्या वाजवत नाचली.

सिल्व्हियाने फक्त एक गोष्ट विचारली. "सर, प्रकाश कमी करून पाहायला हवं ना? स्फटिकाचा बैठकीशी संपर्क तुटला असेल, तर बाहेर गेलेल्या इलेक्ट्रॉनांची भरपाई होत नाही. मग कड नुसतीच सरकल्यासारखी दिसते, आणि प्रकाश कमी केला की परत येते."

"ती चाचणी झाली," सर म्हणाले. "तू दुपारी जेवायला गेलीस तेव्हा मी स्वतः केली."

तेवढ्याने तिचे समाधान झाले. शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सरांनी त्यावर पहिले नाव आरतीचे घातले, आपले शेवटी. ते पाहून सिल्व्हियाच्या डोळ्यांत पाणी आले होते. वर्तमानपत्रांत सरांचे छायाचित्र झळकले, आणि पौषात राहात्याच्या मंडळींनी जाहीर सत्कार ठरवला.

त्या सत्काराच्या आदल्या दिवशीची सकाळ. दुरुस्त होऊन आलेल्या ओव्हनात नीट भाजलेल्या गोंदाचा एकही स्फटिक ती फट दाखवीत नव्हता. आरती रडकुंडीला आली होती.

"मॅडम, स्फटिकच बिघडलेत का हो?"

"उन्हातले जुने उरलेत ना काही? त्यातला एक घाल," सिल्व्हिया म्हणाली.

खुंटी पडली. स्फटिक थंड झाला. फट उघडली, अगदी निबंधात छापली होती तशी. आरतीने सुटकेचा निःश्वास टाकला. सिल्व्हियाचा हात मात्र दिव्याच्या झडपेकडे गेला. का गेला, ते तिलाही सांगता आले नसते. तिने प्रकाश निम्मा केला. खरी फट प्रकाशाला भीक घालत नाही. पडद्यावरची ही कड मात्र चोरासारखी हळूहळू सोन्याकडे परत निघाली. प्रकाश आणखी कमी केला. कड सोन्याला जाऊन जवळजवळ चिकटली.

आरती पडद्याकडे पाहत राहिली. "ही फट नव्हतीच," ती एवढेच बोलली.

गोंद वरून वाळला होता, आत कच्चा राहिला होता; पात्रातील हवा सावकाश निघाली होती ती त्याच्याच वाफेमुळे. थंडीने तो आकसला की स्फटिकाचा बैठकीशी असलेला धागा तुटत होता. निर्मळ चूक होती ती. त्या घटकेपर्यंत सिल्व्हियाच्या मनात दुःख होते. किळस अजून आली नव्हती.

संचालकांच्या दालनात पेरूची पेटी उघडी होती. सत्कार समितीने ती आगाऊ पाठवली होती, आणि पिकल्या पेरूचा वास खोलीभर गच्च बसला होता. सर सुरीने फोडी करून तिखटमीठ लावून खात होते.

"ये सिल्व्हिया, पेरू घे. राहात्याचा आहे. साखर झक मारते याच्यापुढं."

"सर, जुन्या नमुन्यावर प्रकाश कमी करून पाहिला. कड हलते."

सुरी थांबली नाही. "किती?"

"सोन्यापर्यंत येते. सगळा गोंदाचा दोष आहे. तुम्ही म्हणाला होतात, चाचणी झाली आहे."

"झालीच होती."

"मग?"

"कड हलली."

"आणि मग?"

"मग प्रकाश पुन्हा वाढवला."

इतक्या सहजपणे ते शब्द आले की सिल्व्हियाला क्षणभर वाटले, ते विनोद करत आहेत. त्यांच्या हातातील फोडीत एक पांढरी अळी वळवळत होती. सरांनी ती सुरीच्या टोकाने कागदावर उडवली, तेवढा भाग कापला आणि उरलेली फोड तोंडात टाकली.

"एवढ्यासाठी कोणी पेरू टाकतं का?" ते चावता चावता म्हणाले. "संस्थेचं नाव झालं. नवं यंत्र येईल. पुढं खरं काहीतरी सापडेल, तेव्हा हे कोण आठवतंय?"

"दुसऱ्या प्रयोगशाळा हेच करून पाहतील. त्यांना फट दिसणार नाही. तेव्हा काय सांगायचं?"

सरांनी ओठ पुसले. "पत्र्यावर कोण चढलं होतं? गोंद कोणी लावला? निबंधात पहिलं नाव कोणाचं आहे?"

सिल्व्हिया मेजापासून मागे सरली. ज्या औदार्याने तिचे डोळे भरले होते, ते औदार्य नव्हते. त्या माणसाने आनंदाच्या दिवशीच एका पोरीला आपल्यापुढे ढालीसारखे उभे करून ठेवले होते. उद्या कोणी दगड मारला तर तो आधी तिला लागावा. आणि त्याच पोरीच्या पाठीवरून तो इतके महिने हात फिरवीत होता.

"मी निबंध मागे घेण्याविषयी लिहीन, सर."

"लिही की. आरतीची पीएच.डी. त्याच्यावरच उभी आहे. ऊसतोड्याच्या लेकीच्या हातात पुन्हा कोयता द्यायचा असेल, तर अवश्य लिही." त्यांनी पेटी तिच्याकडे सरकवली. "एक तरी घेऊन जा गं. उगाच उपाशी पोटी तत्त्वज्ञान नको."

ती बाहेर आली आणि नळाखाली हात धूत राहिली. तिने पेरूला स्पर्शही केला नव्हता, तरी वास जाईना.

दुसऱ्या दिवशी गाडीत ती आणि आरती दोघीच होत्या. सुपा मागे पडले तेव्हा सिल्व्हियाने सगळे सांगितले, सरांचे शब्द जसेच्या तसे. तिने मनाशी ठरवले होते की निर्णय आरतीचा. पदवी तिची जाणार होती.

"मॅडम, मी त्यांच्या पाया पडले होते," आरती म्हणाली. "पहिलं नाव पाहून. ह्या कपाळानं." तिने कपाळ ओढणीने पुसले, जणू तेथे काही लागले होते. "गोंद मी नखानं दाबून पाहिला होता. कडक लागला."

"मीही दाबला होता."

"म्हणजे तुमचंबी नख त्यात आहे."

"आहे की. तुझ्यापेक्षा म्हातारं नख. त्यानं जास्त शहाणं असायला हवं होतं."

आरती हसली, आणि हसता हसता रडली. "आज मला दोन शब्द बोलायला सांगितलंय," डोळे पुसून ती म्हणाली. "मी सांगून टाकते."

राहात्याच्या मंडपात गर्दी दाटली होती. जवळच्याच फडात यंदा पालव्यांची टोळी उतरली होती, म्हणून आरतीची आई लंकाबाई इस्त्रीची साडी नेसून आली होती. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. तिने सिल्व्हियाचा हात दोन्ही हातांत धरला.

"बाई, आवंदा पोरीच्या बापाला मुकादमानं सोडलं न्हाई, न्हाईतर त्येबी आला असता. तुमचं सर लई देवमानूस हायेत! सोताचं नाव मागं अन् माज्या पोरीचं म्होरं! आमचा मुकादम बगा, आमी तोडल्याल्या उसावरबी सोताचंच नाव सांगतोय."

सिल्व्हियाने तिला खुर्चीपाशी नेऊन बसवले.

सरांचे भाषण रसाळ झाले. या लेकीने पापडासारखे स्फटिक पत्र्यावर वाळवले आणि जगाला नगरच्या उन्हाची ताकद दाखवली, असे ते म्हणाले, तेव्हा मंडप दणाणला. चूक त्यांना ठाऊक होती. त्या चुकीलाच त्यांनी झेंडूचा हार घातला होता, आणि उद्या फास लावायचा तो आरतीचा गळाही तेवढ्याच प्रेमाने सर्वांना दाखवून ठेवला होता.

मग आरती उठली. ध्वनिक्षेपक तिने घट्ट धरला.

"मला खरं सांगायचंय. आमचा निष्कर्ष चुकीचा आहे. मी स्फटिक उन्हात वाळवले, त्यामुळं गोंद कच्चा राहिला. जे दिसलं ते अतिवाहकाचं लक्षण नव्हतं. आम्हाला काहीही नवीन सापडलेलं नाही. हा सत्कार घेण्याचा आम्हाला अधिकार नाही."

तेवढ्यात सूत्रसंचालक पुढे धावला. "ऐकलंत? एवढं मोठं संशोधन करून ही मुलगी म्हणते, काही सापडलं नाही! केवढा हा विनय! विद्या विनयेन शोभते! जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या, आधीपेक्षाही मोठ्या. सर्वांत मोठ्याने सर वाजवीत होते. ज्या वचनाने बेंजामिन मास्तर आपला वर्ग सुरू करीत, ते असे चिखलात लोळताना पाहून सिल्व्हियाला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. आरती पुन्हा बोलू लागली. पण ध्वनिक्षेपक तिच्या हातून कोणीतरी प्रेमाने काढून घेतला होता. छायाचित्रकार सरसावले, तसे सर उठले आणि आशीर्वादासाठी त्यांनी तिच्या मस्तकाकडे हात नेला. आरती एक पाऊल मागे सरली. तो हात हवेतच राहिला. मग सरांनी त्याच हाताने आपले केस सारखे केले. सत्कारात अंगावर घातलेली शाल आरतीने घडी करून खुर्चीवर ठेवली आणि ती मंडपाबाहेर पडली.

तिघी टोळीच्या खोपटांपाशी आल्या, तेव्हा लंकाबाईने चहासाठी चूल पेटवली. "काय बोललीस गं? लोकं टाळ्या वाजवीत हुती, अन् तुजं त्वांड असं उतरल्यालं."

"आई, मी केलं ते चुकलं हुतं. सरांना ते ठावं हुतं, तरी त्यांनी दडवलं. उद्या समद्यांना कळलं तर माज्याच नावावर खपवायचं, म्हून नाव म्होरं लावलं. आता आमी ते खोडून टाकनार हाय. पदवी लांबंल. मिळंल का न्हाई, त्येबी ठावं न्हाई."

लंकाबाईचा हात पळीवर थांबला. "मंग इतकी वर्सं आमी कशापायी उनातानात मेलो?" तिचा आवाज चिरका झाला. "गप ऱ्हायला काय हुतंय तुला? कोन बगतंय आत?"

पलीकडे बैल रवंथ करीत होते. लंकाबाईने पाठ फिरवली आणि धूर डोळ्यांत जाईपर्यंत चूल फुंकत बसली. बऱ्याच वेळाने तिने तीन कप पुढे केले.

"देवमानूस म्हनत हुते मी त्येला," ती म्हणाली, आणि बाजूला थुंकली. "च्या प्या आदी. मंग खोडा काय खोडायचं त्ये. रिकाम्या पोटी खोडू नगा."

सिल्व्हियाने मोबाईल काढला. निबंध ज्या नियतकालिकाने छापला होता, त्याच्या संपादकांना तिने लिहिले की दिसलेली फट कच्च्या गोंदाने निर्माण झालेली आहे. नमुने बसवताना ती आणि आरती दोघीही हजर होत्या आणि दोघींनीही ते तपासून मान्य केले होते. प्रकाशाच्या चाचणीचा प्रतिकूल निकाल संचालकांना प्रसिद्धीपूर्वीच माहीत होता, असे त्यांनी आपल्याला स्वतः सांगितले आहे. प्रत्येक वाक्य तिने आरतीला वाचून दाखवले. खाली दोघींची नावे घातली, आणि आपले नाव तिने आधी घातले.

"माझं का मागं?" आरतीने विचारले.

"पहिल्या नावानं तुझं पुष्कळ भलं झालं. आता मला घेऊ दे."

मग तिला वडिलांचे ओले फडके आठवले. तिने मोबाईल आरतीपुढे धरला. दोघींनी मिळून बोट टेकवले, आणि ते पत्र गेले.

मनावरचा भार उतरेल असे सिल्व्हियाला वाटले होते. तसे झाले नाही. परतीच्या वाटेवर सरांचा फोन वाजत राहिला. तिने तो घेतला नाही. रस्त्याच्या कडेला पेरूच्या पाट्या मांडलेल्या होत्या आणि बंद काचेतूनही तो वास आत येत होता. तिने रुमाल नाकाशी धरला. ज्या हातांनी तिला टोला द्यायला शिकवले, पृष्ठभाग निर्मळ असावा म्हणून हवेचा कणही सहन करायचा नाही हे शिकवले, तेच हात तिला आठवत होते. आणि त्या आठवणीचे काय करावे ते तिला कळत नव्हते. शेजारी आरती, मान कलती टाकून, झोपली होती.

ज्यांनी आपली चूक आपल्या हाताने पुसली, त्यांच्या हाताला बळ राहो. त्या माउलीच्या चुलीला धूर कमी आणि जाळ पुरेसा मिळो. आणि जो अजून प्रकाश वाढवूनच पाहतो आहे, त्यालाही कधीतरी तो कमी करण्याचे धैर्य लाभो. सर्वांचे कल्याण असो.